टोपी फिरायच्या आत सटकणारे आपण

काल मुलीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, एकचाकी सायकलवर बसून जळते टेंभे झेलणारा माणूस, आणि वर म्हणते बाबा हे एआय आहे. म्हटलं नाही गं बाई, असली माणसं मी वीस फुटांवरून बघितलीत.

२००९ ला कंपनीने लंडनला पाठवलेलं. शनिवारी फुकटात वेळ घालवायचा तर कोव्हेंट गार्डनचा चौक, तिथे रस्त्यावरच असे खेळ चालायचे. तिथे सेंट पॉल्स चर्चचे जाडजूड खांब आहेत आणि मधलं भलंमोठं दार चक्क खोटं, खरं दार मागच्या बाजूला, त्यामुळे खेळवाल्यांना आयतंच स्टेज. भिंतीवर कोरलंय की १६६२ मध्ये इथेच जवळ सॅम्युअल पेप्स नावाच्या गृहस्थाने पंच नावाच्या बाहुल्याचा कठपुतळ्यांचा खेळ बघितला. म्हणजे शाहिस्तेखान लाल महालात तळ ठोकून होता तेव्हाची गोष्ट!

खेळ अर्ध्या तासाचा, त्यातली दहा मिनिटं नुसती गर्दी जमवण्यात. जमिनीवर दोर टाकायचा, आरडाओरडा करायचा, पोरांना पुढे बसवायचं. मग गर्दीतले दोन धडधाकट बाप्ये बोलावून त्यांच्या खांद्यांचा आधार घेत सहा फुटी सायकलवर चढायचं. त्या सायकलला फ्रीव्हील नसतं, पायडल थांबलं की चाक थांबलं, त्यामुळे एका जागी उभं राहणंच सगळ्यात अवघड, पठ्ठ्या सतत अर्धा फेरा पुढे अर्धा मागे करत असतो आणि वरून तीन सुरे हवेत. नजर हाताकडे नाहीच, वर, जिथे सुरा वळतो तिथे. हे मला लगेच कळलं कारण आमची आत्या सागरगोट्यात पटाईत, स्वयंपाक करता करता तीन लिंबं अशीच झेलायची आणि आम्हाला ओरडायची, हाताकडे काय बघता रे, लिंबाकडे बघा.

तर शेवटच्या करामतीआधी तो वरूनच स्वच्छ सांगायचा, मला कोणी पगार देत नाही, ही माझी नोकरी आहे, आवडलं असेल तर नाणी नको नोट टाका. लाजणं नाही की गयावया नाही. आणि मी काय करायचो? पाच पौंड गुणिले पंच्याहत्तर असा हिशोब मनात झाला की पैशांसाठी टोपी फिरायच्या आत स्टेशनची वाट. दीड वर्षात एकदाच नोट टाकली, तीही सोबत ऑफिसमधली मंडळी होती म्हणून. खोटं कशाला सांगू.

ही सवय लंडनची नाहीच, गावाकडूनच नेलेली. आमच्या चौकात सायकलवाला यायचा, आठ दिवस न उतरता गोल गोल. सायकलवरच जेवण, सायकलवरच आंघोळ, रात्री छातीवर ट्यूबलाईट फोडणं, पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर फेऱ्या. लोक शर्टाला नोटा टोचायचे आणि भोंग्यावर नाव पुकारलं जायचं. थाळी आमच्या बाजूला वळली की आम्ही पोरं पारामागे पसार. घरी गेलं की आजोबा म्हणायचे, धडधाकट आहे, भीक कशाला मागतो.

आणि गंमत म्हणजे कायदाही आजोबांसारखाच बोलतो. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा काढून बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, या 'बहाण्याने' रस्त्यावर पैसे घेतले तरी ती भीकच. पहिल्यांदा पकडलं तरी एक ते तीन वर्षं डांबायची सोय. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं उडवली. पण बहाणा?? अहो दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोरगी बहाणा करते का? मल्टिप्लेक्समध्ये आधी पैसे घेतात आणि पिक्चर पडेल निघाला तरी परत देत नाहीत, तो धंदा. हा माणूस आधी सगळं दाखवतो, मग तुमच्या मर्जीवर सोडतो, आणि भिकारी तो! मला हे अजिबात पटत नाही, आजोबांची माफी मागून.

त्या सायकलवाल्याची हिरवी सायकल आठवते, हँडलला बांधलेले प्लास्टिकचे हार आठवतात. भोंग्यावरून अकरा अकरा रुपयांची पुकारलेली नावं तर अजून पाठ आहेत, सरपंच, किराणावाले, पिठाची गिरणीवाले, सगळी. त्याचं नाव काही केल्या आठवत नाही. गावाकडच्या कुणाला आठवत असेल तर सांगा रे.