समाजशास्त्र घरी बसून होतं का?

आदरणीय सर,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच मी उत्तर लिहायला बसले होते. ते रागात लिहिलेलं होतं, म्हणून पुसून टाकलं. आज चार दिवसांनी लिहितेय.

कॉलेजला न जाता बारावीचं समाजशास्त्र कसं करावं, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा बोलून, वाद घालून शिकायचा विषय आहे, १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयाची पुस्तकं घरी आणून तो येत नाही, हा पहिला. अशी मुलं गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊन टीपा पाठ करतात, पस्तीस गुण मिळवतात आणि विसरतात, हा दुसरा. आणि माझ्यासारखे लोक गरीब घरातल्या मुलांना ‘सोपा विषय’ म्हणून याच्याकडे ढकलतात, हा तिसरा. अठ्ठावीस वर्षं तुम्ही हा विषय ज्युनिअर कॉलेजात शिकवलात. म्हणून उत्तर जपून देते.

आधी चूक कबूल करते. ‘दोन महिन्यांत तयारी होते’ असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ते वाक्य मी काढून टाकलंय. दोन महिन्यांत पास होण्याची तयारी होते. विषय कळायला मला त्याहून खूप जास्त दिवस लागले, आणि ते कसे लागले हे सांगितल्याशिवाय तुमच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर देता येणार नाही.

दहावीनंतर माझं लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. पुढे बऱ्याच वर्षांनी १७ नंबरचा फॉर्म भरला तेव्हा मी पिंपळगावकडच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं भरायला जात होते. कात्रीने घड साफ करायचा, कच्चे आणि फुटके मणी काढायचे, वजन करून खोक्यात रचायचं. दुपारी एकला जेवणाची सुट्टी. पुस्तकात सामाजिक स्तरीकरण, म्हणजे समाजातली वरची-खालची उतरंड, वाचत होते आणि समोर रोज दिसत होतं की बाया वेगवेगळे गोल करून जेवतात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या मुली क्रेटच्या थप्पीमागे, गावातल्या शेडच्या सावलीत, आम्ही निफाडकडून येणाऱ्या नळापाशी. मी वहीत लिहिलं, ‘जातीमुळे स्त्रिया वेगवेगळ्या बसून जेवतात.’ उदाहरणासकट टीप तयार झाली म्हणून मला फार आनंद झाला होता.

माझ्याबरोबर पंचवटीतले एक रिक्षावाले दादाही बारावीला बसत होते. त्यांना मी ती टीप वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘ताई, त्या एका टेम्पोतून येतात म्हणून एकत्र बसत नसतील कशावरून?’

मला काही बोलता येईना. मग आठवडाभर मी नीट बघितलं. आमच्याच टेम्पोत चार समाजांच्या बाया होत्या आणि त्या खरंच एका गोलात बसत होत्या. पण भाजीची देवाणघेवाण सुरू झाली की दोन डबे कुणी पुढे घेत नव्हतं. त्या दोघी आपलं आपलं खात. म्हणजे बसणं टेम्पोवर ठरत होतं आणि कुणाची भाजी कुणाच्या ताटात जाते हे जातीवर. दादांचं अर्धं बरोबर होतं, माझंही अर्धंच.

पुढे इरावती कर्वे यांचं वारीवरचं लेखन हाती लागलं. एकाच दिंडीत पंढरीला निघालेल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या पडत होत्या, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या करणाऱ्या बाईंनी हेही लिहून ठेवलंय. ते वाचताना मला आमचा नळ आठवला. आजही आठवतो.

म्हणून सर, हा विषय बोलल्याशिवाय येत नाही हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तो प्रश्न विचारणारं कुणी नसतं तर माझी टीप परीक्षेत पुऱ्या गुणांची आणि अर्धवट खरी राहिली असती. पण तो प्रश्न मला वर्गात भेटला नाही. ज्या केंद्रात माझं नाव होतं तिथे वर्षभरात संपर्कवर्ग तीनच झाले, बाकीच्या दिवसांच्या नुसत्या सह्या घेतल्या. आणि माझी भाची रोज कॉलेजला जाते, तिच्या वर्गातही तासाला नोट्सच सांगून लिहून घेतात. तुमचा वर्ग तसा नसणार, तुमच्या पत्रावरूनच ते कळतं. पण वर्ग आहे म्हणून चर्चा होतेच असं नाही, आणि वर्ग नाही म्हणून ती होऊ शकत नाही असंही नाही.

बाहेरून बसणाऱ्या मुलांकडे पाहायला भरपूर असतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ग्रंथांतून दिसणारा समाज आणि प्रत्यक्ष राहून दिसणारा समाज यांत फरक केला, त्यासाठी ते १९४८ साली कर्नाटकातल्या रामपुरा या खेड्यात जाऊन राहिले. सुरगाण्याची मुलगी तर त्या दुसऱ्या बाजूलाच जन्मलेली असते. तिला कमी पडतं ते एवढंच, की ‘कशावरून?’ असं विचारणारं कुणी नसतं. ते माणूस मिळालं नाही तर तुम्ही म्हणता तसंच होतं, गाईड जिंकतं. माझ्या लेखात ही गोष्ट यायला हवी होती आणि ती आली नाही.

आता बाहेरून बसणारी मुलं जमवून रविवारी आम्ही जे करतो ते सांगते. सध्या पाच जण येतात. मागच्या महिन्यात सामाजिक चळवळी वाचत होतो. एका मुलाच्या गाईडमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह, म्हणजे दलितांना त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेला लढा, दोन ओळींत होता. तो राहतो दिंडोरीकडे. त्याला सांगितलं, २ मार्च १९३० ला सुरू झालेला हा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी इथे नाशकात पुढे चालवला, ते दादासाहेब गायकवाड तुझ्याच तालुक्यातल्या आंब्याचे. त्याला हे माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तो आजीला विचारून आला. आजीने वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं होतं, पण त्यात रामाच्या रथाचं भांडण आणि येवल्याची सभा एकाच दिवशी झाली होती. मग आम्ही तारखा लावल्या. रथावरून संघर्ष झाला तो १९३० च्या रामनवमीला, आणि ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा बाबासाहेबांनी येवल्यात केली ती १३ ऑक्टोबर १९३५ ला. मधली पाच वर्षं आजीच्या गोष्टीत नव्हती. ती का गळली असतील, यावर त्या दिवशी दीड तास बोलणं चाललं. घरातल्या आठवणीत दार न उघडल्याची पाच वर्षं राहत नाहीत, शेवटचा निर्णय राहतो, असं एकीचं म्हणणं पडलं. बरोबर की चूक ते मला माहीत नाही. पण ती मुलगी विचार करत होती, आणि ती कुठल्याही कॉलेजच्या हजेरीपटावर नाही.

‘सोपा विषय’ या आक्षेपाबद्दल. मी मुलींना समाजशास्त्र सुचवते ते सोपं म्हणून नाही. प्रयोगशाळेच्या विषयांना प्रात्यक्षिकाला हजर राहावं लागतं, रोजंदारीवरच्या मुलीला ते जमत नाही. आणि बारावीचा कागद तिला हवाच असतो. पोलीस भरतीला बारावी लागते, अंगणवाडी सेविकेच्या जागेलाही आता बारावी लागते. हे पोटाचं कारण आहे आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. पण कागदासाठी आलेल्या मुलीला त्याबरोबर विषयही मिळावा, एवढी माझी धडपड आहे.

प्रतिक्रियांमध्ये आणखी दोघांनी विचारलं होतं म्हणून इथेच लिहिते. राज्य मंडळाच्या बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षं झालेली असावी लागतात. लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० केंद्रावर. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात समाजशास्त्राचा क्रमांक ३३१ आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. आमच्याकडे निवड बहुतेक वेळा द्राक्षं करतात. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन पॅकिंगच्या दिवसांत. तेव्हा सुट्टी म्हणजे मजुरी बुडाली. पॅकहाऊसच्या मुलींना मुक्त विद्यालयाची ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा सोयीची पडते. बागेतल्या टोळीत काम करणाऱ्यांना मात्र तीही पडत नाही, कारण तेव्हा छाटणी असते. मी स्वतः मार्चमध्ये बसले आणि त्या वर्षी पंधरा दिवसांचे पैसे सोडले.

सर, एक विनंती आहे. रविवारच्या त्याच मुलीने ‘प्रबळ जात’, म्हणजे गावावर जिचं वर्चस्व चालतं ती जात, यावर दीड पान लिहिलंय. आपल्या गावात सरपंच एका जातीचा, जमीन दुसऱ्या जातीकडे आणि संख्या तिसऱ्यांची, मग प्रबळ कोण, असं तिने शेवटी विचारलंय. श्रीनिवास यांनी संख्या, जमीन, सत्ता हे सगळं एकत्र धरलं होतं इतकं मला सांगता येतं. तिच्या गावात ते तीन ठिकाणी वाटलं गेलंय, तिथे काय म्हणायचं ते मला येत नाही. मी तिला थांब म्हणून सांगितलंय. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर वाचाल का? आम्ही रविवारी सकाळी दहाला जमतो. तुम्ही नाशकातच असाल आणि येऊ शकलात तर तिला प्रत्यक्षच विचारा.

तुमची,
या ब्लॉगची लेखिका