फीट पाहिलेल्या माणसाला सोबत न्या

पुढच्या गुरुवारी धाकट्या भावाला नव्या न्यूरोलॉजिस्टना दाखवायचं आहे. आठवडाभर रोज रात्री तो, वहिनी आणि मी एक वही घेऊन बसतोय. एका भेटीसाठी एवढं कशाला, असं घरात काहींना वाटतं. मला तर हेही कमीच वाटतं.

कारण मागची पहिली भेट आम्ही वाया घालवली. जाडजूड फाइल होती, एमआरआयच्या फिल्म होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं काय होतं?" भाऊ म्हणाला, "चक्कर येते आणि पडतो." मी शेजारी बसून मान डोलावली. मी त्याला एकदाही पडताना पाहिलं नव्हतं! पाहिलं होतं वहिनीने, आणि ती मुलांपाशी घरी थांबली होती. बोलता बोलता तो गप्प होतो, नजर एका जागी खिळते, तोंड चघळल्यासारखं हलतं, मग उजवा हात आखडतो, आणि शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ त्याला काही उमजत नाही. यातलं एक अक्षर आमच्या तोंडून निघालं नाही. पुढचे कित्येक महिने चक्करेच्या गोळ्या चालल्या.

फीट येत नसताना काढलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) अगदी नॉर्मल येऊ शकतो आणि तरीही एपिलेप्सी, म्हणजे फीट येण्याचा आजार, असू शकते. एमआरआयचंही तसंच. म्हणून अशा आजारात पाहणाऱ्याने केलेलं वर्णन रिपोर्टइतकंच, कधी कधी त्याहून जास्त मोलाचं असतं. रुग्णाला स्वतःला पुष्कळदा काहीच आठवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, सोबत जायचा मान घरातल्या मोठ्या माणसाचा नाही, ज्याने पाहिलं त्याचा आहे. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मात्र आधी माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर व्हिडिओ सोडा आणि तातडीने हॉस्पिटल गाठा.

आणि "चक्कर" हा शब्द तेवढा जपून वापरा. खोली गरगर फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? तिन्हींची कारणं वेगळी असतात. "हात बधिर होतो" याचंही तेच: मुंग्या येतात, स्पर्श कळत नाही, की हातातली वस्तू सुटते?

वहीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो औषधांवर. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस, आणि बंद का केली. फक्त न्यूरोची नव्हे, सगळी. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करेसाठीचं फ्लुनारिझिन काही जणांमध्ये हात थरथरायला, हालचाल मंदावायला कारण होतं. ज्यांची तक्रार डोकेदुखीची आहे त्यांनी महिन्यातून किती दिवस गोळी घेतली ते मोजावं. साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, असं काही महिने घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. फिल्म, सीडी न्याच, नुसता रिपोर्ट पुरत नाही. आणि तपासणीत खरं चित्र दिसावं म्हणून फीटची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याने जोरात फीट येऊ शकते.

हे सगळं लिहिणं सोपं होतं. अडलं ते एका पानावर. गाडी चालवतोस का, झोप किती, दारू, चुकलेल्या गोळ्या. भाऊ चिडला, उठून गेला. मी आग्रह केला नाही. आजारी माणसाला घरातल्यांसमोर उलटतपासणी नको असते, हे मला उशिरा कळलं.

काल सकाळी वही उघडली तर त्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "महिन्यातून तीन-चार वेळा रात्रीची गोळी राहते. गाडी अजून चालवतो. डॉक्टरांना मी सांगेन."

गुरुवारी वहिनी जाणार आहे. मुलांपाशी मी थांबतेय.