दाराची भोकं बुजवू नका, रबराला डिझेल पाजू नका

'पावसाळ्याआधी जुन्या गाडीच्या काचा घरीच नीट करा, मेकॅनिकचे हजारो रुपये वाचवा' असा एक मेसेज आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार उपाय सांगितलेत. दाराच्या बुडाची भोकं एमसीलनं बुजवा. काच हळू चढत असेल तर रबराच्या खाचेत डिझेल सोडा. पॉवर विंडोचा पिवळा फ्यूज उडत असेल तर हिरवा टाका. सुटलेलं रबर फेविक्विकनं चिकटवा. आणि शेवटी, 'प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवा'. तो आमच्या काकाजींपर्यंत पोचला आणि पहिले दोन उपाय त्यांनी करूनही टाकले. माझा संताप तिथून आहे.

आधी भोकांबद्दल, कारण यासारखा उफराटा सल्ला मी ऐकलेला नाही. 'पाणी आत येते म्हणून तं बंद केली ना बावा,' काकाजी मला म्हणाले. पण त्या भोकांतून पाणी आत येतच नाही, ती पाणी बाहेर जायलाच ठेवलेली आहेत. काचेला बाहेरून चिकटून जी रबरी पट्टी असते ती पाणी निपटते, सगळं अडवत नाही. पावसात काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, हे धरूनच दार बनवतात. ते पत्र्याच्या आतल्या बाजूनं खाली येतं आणि बुडाच्या भोकांतून निघून जातं. भोकं बुजवली की ते तिथंच साचतं.

पहिल्या दमदार पावसानंतर काकाजींच्या गाडीचं दार लावताना आतून डबक-डबक आवाज यायला लागला. पेचकसानं एमसील उकरलं तर चहाच्या रंगाचं पाणी धार धरून वाहिलं. त्यामागून काळ्या मातीचा गाळ आणि गंजाचे पापुद्रे. बाहेरचा पत्रा बुडाशी आत दुमडलेला असतो, त्या घडीत गंज आधी लागतो आणि रंगाला फुगे येईपर्यंत बाहेरून दिसत नाही. पत्रा एकदा तिथं खाल्ला गेला की कापून जोड मारावा लागतो. 'हजारो वाचवा' म्हणणाऱ्यानं तो खर्च द्यावा.

आपल्याकडं तर उलटं काम करायला हवं. पांदणीची धूळ आणि कापसाची तुसं दारात बसून ही भोकं आपोआपच बुजतात. मृगाच्या आधी बारीक तारेनं ती मोकळी करा. आणि पायाशी खरंच पाणी येत असेल तर दाराचं आतलं पॅड काढून मागची प्लास्टिकची शीट बघा. स्पीकर बसवताना कोणीतरी ती फाडलेली असते किंवा तिचा चिकट सुटलेला असतो. ती ब्यूटाइल टेपनं (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) परत चिकटवा, खालची कड दाराच्या पोकळीकडं वळवून.

आता डिझेल. लावल्यावर काच थोडे दिवस सरसर चढते, एवढं मान्य करावं लागेल. तेल म्हटल्यावर घसरणारच. पण काचेची आणि दाराची रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ऊन, पाऊस, म्हातारपण यांना हे रबर चिवट, खनिज तेलाला मात्र कच्चं. रबरांची प्रतवारी लावणारं एएसटीएम डी २००० हे मानक आहे. त्यात पहिलं अक्षर रबर उष्णता किती सोसतं ते सांगतं, दुसरं ते तेलात किती फुगतं ते. ईपीडीएमचं दुसरं अक्षर 'ए' आहे, म्हणजे तेलाच्या बाबतीत कुठलीच अट नाही, कुठलीच हमी नाही. डिझेल प्यालेलं रबर फुगतं, मऊ पडतं, काचेला जास्तच आवळतं, आणि वर धूळ बसून त्याची पेस्ट होते. मग मोटर तापून मधेच थांबते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालते. लोक मोटरच बदलतात.

खाच ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे मारा. तरीही काच हळूच चढत असेल तर इंजिन चालू ठेवून बघा. फरक पडला तर बॅटरी आणि वायरिंग तपासा. काच तिरपी होऊन अडकत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारा दारातला सांगाडा, गेला.

फ्यूजचा सल्ला तर जिवावरचा आहे. पिवळा २० अँपिअरचा, हिरवा ३० चा. फ्यूज मोटरला नाही, वायरीला वाचवतो. दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून वायरी जातात. दार उघडून-लावून जुन्या गाडीत त्यांचं आवरण चिरतं, तांबं पत्र्याला टेकतं आणि फ्यूज उडतो. तिथं मोठा फ्यूज टाकला की वायरच तापून जळते, बाजूला फोम आणि प्लास्टिक आहेच. आधी ती नळी सरकवून वायरी बघा, फ्यूज कंपनीनं दिला तेवढ्याच अँपिअरचा टाका.

फेविक्विक वाळून कडक होतं आणि रबर तिथंच चिरतं. दाराच्या चौकटीवरच्या बहुतेक रबरात पत्र्याची पट्टी असते. ती सैल झाली असेल तर पकडीनं हलकी दाबून परत बसवा. मग दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. कागद जिथं सहज निसटेल तिथं रबर बसलेलं नाही, आणि दाबूनही बसत नसेल तर नवीनच घ्या.