काय उजेड पाडायचा तो इथेच पाडा

'काय उजेड पाडलास?' हे घरच्यांनी तुम्हाला आजवर शंभरदा विचारलं असेल. या प्रश्नाला तोंडावर उत्तर देता येईल असा एकच धंदा आहे, छायालेखकाचा. त्यातही स्वतंत्र सिनेमाचा छायालेखक व्हा, आणि तेही जळगाव-धुळे-नंदुरबारात राहून. मुंबईला जाऊन काय, कोणीही होतं.

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आहे. पण प्रवेश परीक्षेच्या नादी लागू नका. केळीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडली की वडिलांना मळ्यात गाठा आणि कॅमेरा घ्या. शिक्षण नसलं तरी चालतं, कॅमेरा स्वतःचा लागतो. दिग्दर्शक शोधात असतो तो कॅमेऱ्याच्या. बैलजोडीसोबत गडी यावा तसे तुम्ही त्यासोबत येता. पहिल्या फोनवर तो तुमची प्रकाशाची समज विचारणार नाही. 'ड्रोन आहे ना भाऊ?' एवढंच विचारेल. आहे म्हणा.

आता कॅलेंडर समजून घ्या. सिनेमाचं नव्हे, लग्नाचं. कॅमेऱ्याचा हप्ता हळदी आणि वराती फेडतात, म्हणून तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत तारखा नवरदेवांच्या. कलेसाठी उरतो तो चातुर्मास. आपल्याकडचा स्वतंत्र सिनेमा त्यामुळे श्रावणात घडतो, आणि त्याचा विषय असतो दुष्काळ. बांधापर्यंत कपाशी हिरवीगार, मागे नाला दुथडी वाहतोय, आणि समोर नायकाचा बाप आभाळाकडे बघून रडतोय. घाबरू नका. नाला फ्रेमबाहेर ठेवा, हिरवं नंतर लॅपटॉपवर खाकी करा. बापाच्या अंगावरचा पाऊस घाम म्हणून खपतो.

भेगाळलेल्या जमिनीसाठी मात्र मे महिन्यातला एक दिवस काढावाच लागतो, दोन मुहूर्तांच्या मधला. भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मात्र बहुधा ० ते ४० अंश असं छापलेलं असतं. ती लिहिणाऱ्याने आपल्याकडची दुपार पाहिलेली नाही. दुसऱ्या टेकला पडद्यावर थर्मामीटरचं चिन्ह लुकलुकतं, तिसऱ्याला कॅमेरा डोळे मिटतो. मी काय करतो ते सांगतो. गोळेवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ घ्यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारायची, वर गमछा गुंडाळायचा आणि ते गाठोडं कॅमेऱ्याच्या पाठीला लावून बाभळीखाली बसायचं. तापानं फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसतात, तसं. गेल्या खेपेला शेतमालक आबा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, 'पोरा, त्याले कांदा फोडून दे.'

केळीच्या बागेचंही एक सांगून ठेवतो. प्रत्येक दिग्दर्शकाला प्रेमप्रसंग तिथेच हवा असतो. पानांतून गाळून आलेला उजेड डोळ्यांना गार वाटतो, चेहऱ्यावर मात्र हिरवा उतरतो आणि नायिका तीन दिवसांपूर्वी विषबाधा झाल्यासारखी दिसते. यावर उपाय मांडववाल्याकडे आहे. त्याचा पांढरा कपडा वर ताणून बांधा, समोरून थर्माकोल धरा. कोणी हसलंच तर सांगा, सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी स्टुडिओतल्या अंगणावर असंच कापड ताणून बनारसचा मऊ उजेड आणला होता. मांडववाल्याला हे सांगू नका, भाडं वाढवेल.

वीज आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दिवे लुकलुकू नयेत तर शटर १/५० वर ठेवावं, असं शिकवतात. बरोबर आहे. वीज असेल तेव्हा ठेवा. शेतावर थ्री-फेज बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणून रात्रीचा प्रसंग मळ्यातच लावा. लाईट आली की ऑटोवर टाकलेली मोटार आपसूक सुरू होते आणि नायिकेच्या हुंदक्याच्या ऐन मोक्याला पाईप खाकरतो. आवाजवाला डोक्याला हात लावतो. तो त्याचा विभाग आहे, आपण फ्रेम बघायची.

लोकेशनला पैसे नसतील तर चाळीसगावचे केकी मूस आठवा. त्यांनी अनेक दशकं जवळपास घराबाहेर न पडता, टेबलावर वस्तू मांडून आणि त्यावर उजेड टाकून फोटोंमध्ये जग उभं केलं. दिग्दर्शकाला हे नाव माहीत झालं की तो प्रवासखर्चही बंद करतो, एवढी एक अडचण आहे.

मानधनाबद्दल मी सावकाश बोलतो, कारण तेही सावकाश येतं. पैशाचा विषय तुम्ही काढलात की समोरचा तुम्हाला 'भाऊ' म्हणायला लागतो. 'भाऊ, आपला घरचाच सिनेमा आहे.' थोडे आता, बाकीचे फेस्टिव्हलनंतर. फेस्टिव्हलनंतर म्हणजे अनुदानानंतर, आणि अनुदान आलंच तर ते निर्मात्याकडे जातं. निर्माता म्हणजे दिग्दर्शकाचा मेहुणा, त्याला यंदा बोअरवेल घ्यायचीय. मात्र जेवणात कसूर नसते. काडीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, तेलाचा हात सढळ. माझे चार सिनेमे या हिशेबात चुकते झाले आहेत. पाचव्याचं भरीत बाकी आहे.

सन्मानाची घाई करू नका. गुरुदत्तच्या सिनेमांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना २००८ सालचा फाळके पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. म्हणजे तुमच्या हातात भरपूर वेळ आहे, तोवर बॅटऱ्या चार्ज करा. गावात तुम्हाला 'शूटिंगवाला'च म्हणतील, म्हणू द्या. पोस्टरवर तुमचं नाव चुकीचं छापून येईल, तेही तसंच राहू द्या. उधारी मागायला येणाऱ्याला सापडत नाही.

मग एके दिवशी तुमचा सिनेमा कुठल्याशा महोत्सवात लागेल. दिग्दर्शक स्टेजवरून सगळ्यांचे आभार मानेल, अगदी मांडववाल्याचेसुद्धा. रात्री उशिरा त्याचा फोन येईल, आवाज भरून आलेला. 'भाऊ, लोक फ्रेमबद्दलच बोलून राहिले! तुझ्याशिवाय हे शक्य नव्हतं भो.' तुमचाही गळा दाटेल. उरलेल्या पैशांचा विषय काढायला तुम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणेल, 'बरं ऐक, येत्या वैशाखात माझ्या लहान बहिणीचं लग्न आहे. बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? तू घरचाच आहेस. आणि ड्रोन घेऊन ये.'