लार्तीगच्या 'थ्रीडी' फोटोंबद्दल खुलासा

झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच हौशी छायाचित्रकाराचे जुने फोटो हलत्या, खोली दाखवणाऱ्या रूपात सध्या फिरत आहेत. सोबतचा मजकूर सांगतो की सपाट, कृष्णधवल फोटोंना एआयने खोली आणि रंग दिले. हे चूक आहे.

१८९४ साली जन्मलेला लार्तीग श्रीमंत घरातला. स्टिरिओ कॅमेरा त्याच्या हाती लहानपणीच आला. या कॅमेऱ्याला साधारण डोळ्यांइतक्या अंतरावर दोन भिंगं असतात, आणि काचेच्या एकाच प्लेटवर शेजारी शेजारी दोन चित्रं उमटतात. दोन्ही भाग नीट ताडून पाहा: जवळचा माणूस मागच्या झाडाच्या मानाने किंचित सरकलेला दिसेल. एकाच फोटोची नक्कल असती तर तो सरकला नसता. छापताना डावा-उजवा भाग अदलाबदल करावा लागतो. तसं केलं नाही तर खोली उलटी होते, म्हणजे पुढचा माणूस मागे आणि मागचं झाड पुढे!

रंगाचंही तेच. १९१२पासून लार्तीगने ऑटोक्रोम, म्हणजे थेट रंगीत फोटो काढणाऱ्या काचेच्या प्लेटा वापरल्या. ल्युमिएर बंधूंनी १९०७मध्ये बाजारात आणलेल्या या प्लेटांवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण असत. म्हणून जवळून पाहिलं की रंग रवाळ दिसतो, आणि मला तरी तो फार देखणा वाटतो.

दाव्यातलं खरं एवढंच की दोन चित्रं आलटून पालटून दाखवणारी हलती फाईल आजची आहे. लार्तीग काचा दर्शकयंत्रात घालून बघत असे; त्यात प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र दिसतं आणि दोन्ही मिळून खोली भासते.