आठ वर्षांचा पोरगा आणि दहा अंशांचं पाणी

शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर खड्ड्यांपासून सुरू झालेली चर्चा सव्वासातच्या सुमारास थेट डब्लिनला पोचली, कारण नंदूने खिशातून मोबाईल काढला. त्याची लेक केतकी तिकडे आयर्लंडात असते. तिने नातवाचा व्हिडिओ पाठवला होता. डिसेंबरातली सकाळ, आभाळ राखाडी, आणि आठ वर्षांचा अर्णव चड्डीवर समुद्रात उतरतोय.

"बघा माझा वाघ!" नंदू म्हणाला. मग आवाज खाली आणून बायकोबद्दल, "सुलभा मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीये. जावयाने पोराला न्यूमोनिया करायचा घाट घातलाय म्हणते."

जागा साधीसुधी नाही. डब्लिनजवळच्या सँडीकोव्हचं फॉर्टी फूट. खडकातून पायऱ्या सरळ पाण्यात जातात, कडेला लोखंडी कठडा, आणि माणसं तिथं बारा महिने उतरतात. नाताळच्या सकाळी तर तिथं जत्रा असते. पूर्वी जागा फक्त पुरुषांची होती. १९७४ मध्ये बायकांनी आंदोलन करून ती प्रथा मोडायला सुरुवात केली. ही माहिती वैशालीने पुरवली. ती आमच्याच कॉलेजची, आणि गेली कित्येक वर्षं तलावावर मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे पाण्याच्या विषयात तिच्यासमोर कुणी फार उड्या मारत नाही. शिरीष सोडून.

शिरीष म्हणाला, "यात चर्चा कसली? मला बापाने कमरेला भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. तेही थंडीत. मेलो का? उलट आयुष्यात कधी पाण्याची भीती वाटली नाही. आताच्या पोरांना आईबाप एसीच्या वाऱ्यातसुद्धा स्वेटर घालतात."

"थंडीत सकाळी विहिरीतून वाफा निघताना बघितल्यात का रे कधी?" डॉक्टरांनी विचारलं. हे आमचे बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त.

"बघितल्यात की."

"म्हणजे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार होतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला असतं, आपल्याकडे पंचविशीच्या पुढेमागे. तुझ्या वडिलांनी तुला कोमट पाण्यात ढकललं. शौर्य होतं ते भोपळा सुटण्यापुरतं."

हशा झाला, आणि सावंताला राहवलं नाही. "मग आमच्या मालवणाक काय म्हणशात? चिवला बीचवर डिसेंबरात राज्याची स्पर्धा भरतां, बारकी बारकी पोरां दर्यात उडी घेतंत. तेंचे आवशी-बापूस किनाऱ्यार उभे ऱ्हवान टाळ्ये वाजवतंत. थय कोणाक काय जाला?"

"सावंत, तिथंही तेच," वैशाली म्हणाली. "डिसेंबरात आपला अरबी समुद्र २६–२७ अंश असतो. डब्लिनला आत्ता १० असेल, आणि अजून उतरेल. समुद्र हळू गार होतो, हळू तापतो. तिथं सगळ्यात गार पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतं, लोक वसंत आला म्हणून खूश असतात तेव्हा. १० आणि २६ यांत सोळा अंशांचा फरक नाही, ते दोन वेगळे खेळ आहेत."

इथंवर कट्टा नेहमीसारखा दोन तटांत विभागला होता. एकीकडे सर्दी, छातीत कफ, ओले केस. दुसरीकडे धाडस, काटकपणा, आणि आपल्या आज्या कार्तिकात पहाटे नदीवर जायच्या त्याची आठवण. माझ्या मते हे दोन्ही तट चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. सर्दीचा मुद्दा डॉक्टरांनी तिथल्या तिथे निकालात काढला: सर्दी विषाणूने होते, गार पाण्याने नाही, आणि सुलभावहिनींना हे कुणीच पटवून देऊ शकणार नाही, डॉक्टरांनी स्वतः चाळीस वर्षं दवाखान्यात असे प्रयत्न केलेत. पण त्यामुळे शिरीष बरोबर ठरला असं नव्हे. धोका आहेच, दुसरीकडे आहे. तो कुठे आहे ते वैशालीने त्याच व्हिडिओत दाखवलं.

"नंदू, तू आम्हाला शेवट दाखवतोस, तो हसतोय तो. सुरुवातीला जा. हां. इथं थांबव."

चौथ्या-पाचव्या सेकंदाला पाणी पोराच्या पोटापर्यंत आलं होतं. खांदे कानांना भिडलेले, पोट आत ओढलेलं, तोंड वासलेलं. आवाज वाढवला तर ऐकू येत होतं: आईने काहीतरी विचारलं, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. नुसते हुंदके दिल्यासारखे आत ओढलेले श्वास, एकामागून एक. डावा हात कठड्यावर. पुढे वीस-पंचवीस सेकंदांनी चेहरा सैल पडला आणि मग तो प्रसिद्ध हशा.

"आम्हाला वाटलं आनंदाने झालंय त्याला तसं," नंदू म्हणाला.

"आनंद नंतरचा. हा शॉक आहे. पाणी पंधरा अंशांच्या खाली असलं की कातडीला एकदम गारठा बसतो आणि श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. आधी मोठा आवंढ्यासारखा श्वास आत, मग धाप. पहिल्या अर्ध्या मिनिटात जोर असतो, एक-दोन मिनिटांत ओसरतो. त्या वेळात डोकं पाण्याच्या वर असलं तर नुसतं घाबरायला होतं. डोकं खाली असलं तर तो पहिला श्वास पाण्याचा."

पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी या विषयावर आयुष्य घालवलंय. गार पाण्यात माणसं गारठून मरतात ही समजूत त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे मोडली. शरीराचं आतलं तापमान घसरायला मोठ्या माणसालासुद्धा अर्धा तास तरी लागतो. बुडणारे त्याच्या बरेच आधी बुडतात, पोहता येत असूनही. कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्त हे एक-दहा-एक असं सांगतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे बर्फासारख्या पाण्यातल्या मोठ्या माणसाचं गणित आहे, आठ वर्षांच्या पोराचं नाही.

"दहा मिनिटांत हातपाय जातात? गप्पा," शिरीष म्हणाला.

यावर सावंताने जे केलं ते फक्त सावंतच करू शकतो. शेजारी सोड्याची गाडी लागते. गाडीवाल्याच्या बाटल्या ठेवायच्या टबात बर्फ पडलेलं पाणी होतं. सावंताने गाडीवाल्याला विचारलं, बाही वर सारली आणि शिरीषला म्हणाला, "मेल्या, दर्यो म्हणजे काय तुझी सोसायटीची टाकी? ये, दोघांय हात घालूया." दोघांनी मनगटाच्या वरपर्यंत हात घातला. डॉक्टरांनी घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटात शिरीष विनोद करत होता. दुसऱ्या मिनिटात करत नव्हता. तीन मिनिटं होताच डॉक्टरांनी दोघांना हात काढायला लावले आणि शिरीषला सांगितलं, शर्टाचं वरचं बटण लाव, त्याच हाताने. शिरीष बटणाशी झटत राहिला. अंगठा तर्जनीला भेटेचना. गाडीवाला पोरगा आमच्याकडे असा बघत होता की या म्हाताऱ्यांना घरचं कुणी न्यायला येणार आहे की नाही.

बर्फाच्या पाण्यापेक्षा दहा अंश बरे, हे खरं. पण शिरीषचा हातच काय तो पाण्यात होता. पोराचं सगळं अंग असतं. आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं. मुलांचं वजन कमी, त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, चरबीचा थर पातळ. मोठ्यांपेक्षा ती फार लवकर गार होतात, आणि खेळाच्या नादात त्यांना ते कळत नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: मूल कुडकुडतंय तोवर ठीक, त्याचं शरीर लढतंय. कुडकुडायचं थांबलं, गप्प झालं, जीभ जड झाली, तर ते मूल शहाणं झालं नाहीये. उचलून बाहेर आणायचं.

"आणि बाहेर आल्यावर गरम पाण्याचा शॉवर," नंदू म्हणाला.

"नाही. बाहेर आल्यावरसुद्धा आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. दहा मिनिटांनी जास्त हुडहुडी भरते ती त्यामुळे. आधी कोरडं करायचं, थरावर थर कपडे, टोपी, मग काहीतरी गरम आणि गोड प्यायला. शॉवर नंतर, हुडहुडी गेल्यावर."

एवढ्यावर थांबेल तर कट्टा कसला? शिरीषने हात काखेत धरूनच हुकमी पत्ता टाकला. "आणि आपली रुपाली रेपाळे? १९९४ ला इंग्लिश खाडी पोहली, तेव्हा बारा वर्षांची होती! तिच्या आईबापांनी तुमच्यासारखा विचार केला असता तर?"

हे नाव निघालं की आमच्या वयाच्या कुठल्याही कट्ट्यावर आवाज मऊ होतात. त्या काळी ते नाव घराघरांत होतं. वैशालीही क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "ती ऑगस्टात पोहली. खाडीचं पाणी तेव्हा १६–१८ अंश असतं. सोबत बोट, माणसं, मागे तालीम. आणि तरीसुद्धा आज ती बाराव्या वर्षी गेली असती तर तिला परवानगी मिळाली नसती. १९८८ साली टॉमस ग्रेगरी नावाचा इंग्लिश मुलगा अकरा वर्षांचा असताना खाडी पोहला. तो विक्रम आता मोडताच येत नाही, कारण पुढे, रुपालीनंतर, किमान वय सोळा केलं. शिवाय आधी सोळा अंशांच्या आतल्या पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवायचं. ज्यांचं अख्खं आयुष्य या पाण्यात गेलं त्यांनी ही रेघ ओढली, आपल्या सुलभाने नाही."

"म्हणजे तू नको म्हणतेस."

"मी असं कुठे म्हटलं? डुबकी वेगळी, पोहणं वेगळं. छातीएवढ्या पाण्यात बापाच्या हाताशी दोन मिनिटं, ही डुबकी. पाच-सहा वेळा अशी डुबकी मारली की शरीर शिकतं, तो पहिला झटका निम्म्यावर येतो. माझं पोर तिकडे असतं तर मी नेलं असतं. समुद्राकाठी राहून मुलाला गार पाण्याची ओळखच नसेल तर एक दिवस ते मित्रांबरोबर पाय घसरून पडेल आणि काय होतंय ते त्याला कळणार नाही. तिकडे मुलांना शिकवतात, अचानक पडलास तर पोहायची घाई करू नको, पाठीवर पड, तोंड वर ठेव, मिनिट-दीड मिनिट नुसता तरंग, श्वास आला की मग हातपाय. हे माहीत असलेल्या मुलाची मला कमी काळजी वाटते."

मला वैशालीचं पटलं, पण त्यात एक भर घालावीशी वाटली आणि मी घातली. पाण्यात उतरायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. बाहेर यायचं मात्र मूल किंवा मोठं, दोघांपैकी कुणीही ठरवावं, आणि त्यावर अपील नाही. "अजून एक मिनिट, बाबा शूट करतायत" हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं त्या घराने मुलाला समुद्रावर नेऊच नये. आजकाल पोरांच्या धाडसाचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात पोराच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी मी कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि दुसरा मोठा माणूस कुठे उभा आहे ते बघतो. अर्णवच्या व्हिडिओत दुसरा माणूस दिसतच नव्हता. हे नंदूला सांगितल्यावर त्याचा वाघ जरा मावळला.

त्याने तिथूनच केतकीला व्हॉइस मेसेज केला. वैशालीने मुद्दे सांगितले, नंदूने ते आजोबाच्या आवाजात बोलून दाखवले, मध्ये सावंताने "चेडवा, हुशार ऱ्हव" एवढं घुसडलं. रविवारी सकाळी उत्तर आलं आणि नंदूने ते ग्रुपवर टाकलं. संकेत, म्हणजे जावई, पाण्यातच होता, अर्णवच्या पाठीमागे हातभर अंतरावर, फ्रेमच्या बाहेर. एकूण दोन मिनिटं. बाहेर टोपी, मोठा झगा, थर्मासमध्ये हॉट चॉकलेट. शॉवरचं तिला माहीत नव्हतं, त्याबद्दल थँक्यू. "पण बाबा, खरा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या वर्गातली मुलं खडकावरून उडी मारतात. तो रोज मागे लागलाय. डॉक्टरकाकांना विचारा."

डॉक्टरांनी एका ओळीत लिहिलं: उडी म्हणजे डोकं खाली आणि शॉक वर, दोन्ही एकाच क्षणी, हिवाळ्यात नको. त्याखाली शिरीषने लिहिलं की मग पोरगा वर्गात काय तोंड दाखवणार. वैशालीने विचारलं, तुझं बटण लागलं का. त्यानंतर ग्रुपवर दुपारपर्यंत जे चाललं ते इथं देत नाही. केतकीने उडीचा प्रश्न ऑगस्टवर ढकललाय. तेव्हा तिथलं पाणी पंधरा-सोळावर येतं, आणि सुलभावहिनींनी ऑगस्टचं तिकीट काढायला सांगितलंय.