बँकेचं स्टेटमेंट म्हणजे तुमचा हिशेब नव्हे

होमस्टे, काजू, आंबा, मासळी असे धंदे करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आता सगळे पैसे यूपीआयने येतात. बँकेचं स्टेटमेंट हाच हिशेब. वेगळं चालू खातं नको, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) नको, किरकोळ खर्चाच्या चिठ्ठ्या तर मुळीच नकोत. मार्चनंतर सीए बघून घेईल.’ मी सिंधुदुर्गातल्या अशाच धंद्यांच्या वह्या लिहितो. यातलं एकेक वाक्य कोणाला ना कोणाला महागात पडलेलं पाहिलंय, म्हणून उत्तर देतोय.

‘स्टेटमेंट हाच हिशेब.’ तारकर्लीकडच्या एका होमस्टेवाल्या दादांनी मोबाइलवर शिल्लक बघितली: 62,110 रुपये. तेवढ्यावर विसंबून त्यांनी छपराच्या कामाचा 55,000 चा चेक फाडला. आठ दिवसांपूर्वी चादरी धुणाऱ्याला दिलेला 14,500 चा चेक अजून वटायचा होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. छपराचा चेक आधी वटला, खात्यात 7,110 उरले आणि धोब्याचा चेक परत आला. चेक तीन महिने चालतो. समोरचा तो कधी भरेल हे त्याच्या हातात. बँकेला तुम्ही फाडलेला चेक माहीत नसतो, तो फक्त तुमच्या वहीत असतो. वही लिहिली असती, तर छपराचा चेक फाडण्याआधी तिच्यात शिल्लक निघाली असती 48,200. त्यातून बँकेने कापलेले 590, म्हणजे 500 आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, वजा केले की 47,610. स्टेटमेंटच्या 62,110 मधून 14,500 वजा करा, तेच 47,610. दोन बाजूंनी येऊन एकाच आकड्यावर थांबणं, यालाच मेळ बसणं म्हणतात. महिन्यातून एकदा, स्टेटमेंटची एकेक ओळ वहीशी पडताळून पेन्सिलीने टिक करत जायचं. टिक न झालेल्या ओळी बहुधा तीनच प्रकारच्या निघतात: न वटलेले चेक, अजून जमा न झालेला भरणा, आणि बँकेने परस्पर कापलेली रक्कम. चौथा प्रकार निघाला, म्हणजे तुम्ही न केलेला व्यवहार, तर त्याच दिवशी बँकेत जा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात, ऑनलाइन किंवा कार्डावरच्या अशा व्यवहारात चूक ग्राहकाची नसेल तर बँकेची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला पूर्ण संरक्षण दिलं होतं. जो वर्षातून एकदाच स्टेटमेंट उघडतो, त्याला याचा काय उपयोग?

आंब्याचं तर विचारूच नका. वाशीच्या मार्केटातून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते, तिच्यात पेट्यांची विक्री एक आणि हातात पडणारी रक्कम दुसरी. गाडीभाडं, हमाली आणि हंगामाआधी घेतलेली उचल वजा होऊनच पैसे खात्यावर येतात. स्टेटमेंट धरून चाललात तर उचल तेव्हा उत्पन्न दिसते आणि विक्री निम्मी दिसते. दोन्ही खोटं. पट्टी जपून ठेवा, वहीत विक्री पूर्ण लिहा आणि वजावट वेगळी लिहा.

‘वेगळं चालू खातं नको.’ बचत खातं धंद्यासाठी नसतंच, तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, किमान शिल्लकही ठेवावी लागते, हे मान्य. पण मुलीची फी, चतुर्थीचा बाजार आणि होमस्टेचं वीजबिल एकाच खात्यातून गेलं की धंद्याने किती मिळवलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम घरखात्यात वळवा, वहीत तिला ‘मालकाची उचल’ म्हणा, विषय संपला.

‘किरकोळ चिठ्ठ्या नकोत.’ इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण गळती इथूनच होते. पाडेली (नारळ पाडणारा), मासळीवाली, रिक्षावाला यांच्या हातात रोखच जाते, आणि रेंज नसली की यूपीआय राहतं बाजूला. उपाय जुना आणि सोपा आहे: किरकोळ खर्चाच्या पेटीत ठरावीक रक्कम ठेवायची, समजा 5,000. कधीही पेटी उघडली की चिठ्ठ्या अधिक रोख बरोबर 5,000 व्हायलाच हवेत. परवाच एका ठिकाणी मोजली. मासळी 1,850, भाजी-नारळ 640, रिक्षा 300, वायरमन 450, फिनेल-झाडू 380. चिठ्ठ्यांची बेरीज 3,620, म्हणजे रोख 1,380 हवी. निघाली 1,180. वहिनी एकदम गप्प झाल्या. मग आतून काकू म्हणाल्या, ‘सकाळी माडावरचे नारळ काढले ना, त्याला मीच दोनशे दिले.’ लगेच चिठ्ठी केली: तारीख, रक्कम, कशासाठी, सही. नंतर बँकेतून नेमके 3,820 काढून पेटी पुन्हा 5,000 ची केली. आठवड्याने विचारलं असतं तर ते दोनशे कुणालाच आठवले नसते, आणि संशय मात्र कामाच्या पोरावर गेला असता. एवढं पाळा: पेटीची किल्ली एकाकडेच, मालकाने मधूनच न सांगता मोजायची, आणि पाहुण्यांकडून आलेली रोख कधीही या पेटीत टाकायची नाही. ती बँकेत भरायची.

‘सीए बघून घेईल.’ अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आयकरासाठी वह्यांची सक्ती नाही, ही गोष्ट खरी आहे आणि मेसेज तिच्यावरच उभा आहे. पण तिथेही रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरतात. रोख किती आली, हे रोजमेळाशिवाय सीएने कुठून आणायचं? आणि ज्यांचा नफा वह्यांवरून निघतो, त्या काजू कारखान्यांची गोष्ट वेगळी. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 हून जास्त रोख दिली की तो खर्च आयकरात नामंजूर होतो. शेतकऱ्याकडून थेट त्याची काजू बी घेतली तर सूट आहे, मधल्या व्यापाऱ्याकडून घेतली तर नाही. बी देणारा बागायतदार होता की व्यापारी, त्याचं नाव, गाव, किलो, सही, हे सगळं एप्रिलमध्ये वजनकाट्याशेजारी उभं राहूनच लिहावं लागतं. पुढच्या वर्षी जुलैत सीएच्या टेबलावर ते कोणाला आठवणार?